दोन क्रेडिटांचं लग्न

ऑनर्स म्हणजे काय गं, असं मला कोणी विचारलं तर मी सांगते, तीन वर्षांच्या डिग्रीवर आणखी एक वर्ष, आणि त्या एका वर्षासाठी घरात रोजची भांडणं. माझ्या बाचं, त्याचं नाव लाडक्या, म्हणणं एकच. "तीन वरसा झाली, पुरे. आता लगीन." पोशेऱ्याचा एक मुलगाही त्यानं हेरून ठेवला होता. तो भिवंडीला गोदामात कामाला, आणि फोनवर माझ्यावर हिंदी झाडायचा. मी त्याला ब्लॉक केलं तर बा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. बरंच झालं म्हणा.

चौथं वर्ष जव्हारच्या आमच्या कॉलेजात सुरू होणार की नाही, हे विद्यापीठाच्या समितीच्या हातात होतं. समिती नाही म्हणाली तर ठाण्याला जा. आणि ठाण्याचं नाव काढलं की बाला आयतंच निमित्त. म्हणजे समिती येणार त्या दिवशी माझा निकाल लागणार होता.

समाजशास्त्राच्या तुळशीदास सरांनी समितीला दाखवायला एक नवा विषय आखला होता. 'स्थानिक ज्ञान परंपरा', दोन क्रेडिट, प्रात्यक्षिकासह. प्रात्यक्षिक कसलं? तर आमचं वारली लग्न, कॉलेजच्या हॉलमध्ये! नवरी मी, नवरा वर्गातला दिपेश. "फक्त अभिनय करायचाय," सर म्हणाले. दिपेश लाजून एवढा लाल झाला की त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण ऑनर्ससाठी मी रेड्यालासुद्धा हळद लावली असती.

आमच्यात लग्न लावते ती धवलेरी. ही बाई गाते, गाण्यातून एकेका देवाला हाक मारते, तेव्हा लग्न लागतं. आमच्या पाड्याची धवलेरी रुपीबाय. ती खोडाळ्याहून जीपनं आली, सोबत पाड्यातल्या चार बाया, माझा बा आणि माझी आई रामी. बायांनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नचौक लिहिला. समितीच्या मॅडम पहिल्या रांगेत बसल्या. सरांनी माइक रुपीबायच्या तोंडाशी धरला.

"लुटूपुटूचं गानं मना येत नाय," रुपीबाय माइकमध्येच म्हणाली. "मी गायली का देव येतात. देव आले का लगीन लागलं. मंग ही दिपेशची बायको."

दिपेशचा चेहरा पिठासारखा झाला.

"अहो, नमुन्यादाखल थोडंसंच," सर गयावया करायला लागले.

"देवांना बोलवायचं आन चहा पाजून परत धाडायचं? तू धाड."

मॅडमनी घड्याळात बघितलं आणि शेजारी बसलेल्या समितीतल्या सरांच्या कानाला लागल्या. गेलं माझं चौथं वर्ष, पोशेऱ्याचा तो हिंदी झाडणारा आता आला बोकांडी! रागानं मी इकडेतिकडे बघते तर आई आणि बा शेजारी शेजारी उभे.

आता हे सांगायला हवं, की आमच्याकडे पुष्कळ जोडपी आधी संसार मांडतात आणि लग्न जमेल तेव्हा लावतात. पोरांच्या मांडवात आईबापही नवरानवरी म्हणून उभे राहतात. माझ्या आईबाचंही लग्न राहूनच गेलं होतं. आईबापाचं लागल्याशिवाय पोरांचं लागत नाही, म्हणून बानं या उन्हाळ्यात एकाच मांडवात दोन्ही उरकायचं ठरवलं होतं.

"सर," मी ओरडले, "खरंच लग्न लावू या. माझ्या आईबाचं!"

मॅडमनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्यांचं लग्न? मग तू...?"

"मी आधी आले, मॅडम. पूर्वअट नव्हती."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. बा तर खूशच झाला. "जेवान कालेजचा ना?" त्यानं सरांना विचारून घेतलं, हळद लावून घेतली आणि पाटावर जाऊन बसला. आई मात्र जागची हलेना.

"रामे, ये गं," रुपीबाय म्हणाली.

"येते. पयलं त्याला इचार, पोरीला चवथं वरीस शिकवनार का?"

माझे कान उभे राहिले. देवाशपथ सांगते, मी तिला एका शब्दानं शिकवलं नव्हतं.

"त्याचा हितं काय संबंद?" बा खेकसला. "पोरीचं लगीन येळेवर नाय झालं तं तिचा कसा व्हायचा?"

"माझं कुटं झालं?" आई म्हणाली. "तुझ्या घरात आले, पोर जन्माला घातली, ती कालेजात गेली. बिनलग्नाची म्हनून माझं काय अडलं? का तुझी भाकर करपली?"

बायांनी तोंडाला पदर लावले. हळदीनं पिवळा झालेला बा सगळीकडे बघत राहिला, पण त्याच्या बाजूनं बोलायला एक माणूस तयार नव्हता. "शिकंल," तो पुटपुटला. "पन ठान्याला नाय."

आई तरीही उभीच. ती सरळ मॅडमकडे वळली. "बाय, आता तुमी सांगा. हितं वर्ग देता का?"

"अहो, असं तोंडी नाही सांगता येत. त्याची प्रक्रिया असते," मॅडम म्हणाल्या.

"मंग होऊं द्या प्रक्रिया," रुपीबाय पाय पसरून खाली बसली. "आमी थांबतो. देवांना घाई नाय."

मागच्या खोलीतून मटणाचा वास यायला लागला होता. समितीतले एक सर खाकरले, दुसऱ्यांनी मान हलवली. शेवटी मॅडम हसत उठल्या, हात जोडले. "दिला, बाई, दिला. मी लिहून देते. बसा आता."

आई पाटावर जाऊन बसली. रुपीबायनं पहिल्या देवाला हाक मारली, आणि मला असं रडू फुटलं की आवरता आवरेना. आईबापाच्या लग्नात ओक्साबोक्शी रडणारी मुलगी त्या समितीनं आधी कधी बघितली नसणार.