दोन बोटं रिकामी बाटली

“सर, ही बाटली मी तपासणार नाही.”

दिलीप सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. बाटली सरबताची होती, स्वच्छ धुतलेली, आणि गळ्याशी दोन बोटं रिकामी. दिल्लीतल्या द्वारकेच्या नीला जोगळेकर ती स्वतः बसनं आमच्या नोएडाच्या लॅबमध्ये घेऊन आल्या होत्या. सोसायटी नवीकोरी, सरकारी पाणी अजून पोचलेलं नाही, सगळी भिस्त बोअरवेलवर. त्या पाण्याला पेट्रोलसारखा वास येतो, मागच्या पेट्रोल पंपाची टाकी झिरपत असावी, असं त्यांचं म्हणणं. सांडू नये म्हणून त्यांनी बाटली जरा कमी भरली होती. कुठलीही नीटनेटकी बाई तसंच करील.

पण पेट्रोलमधलं विषारी बेन्झीन पाण्यात मुक्काम करत नाही. वर जरा हवा मिळाली की ते पाणी सोडून हवेत जातं, आणि झाकण उघडताच पसार. म्हणून त्याची कुपी काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची. एक बुडबुडा दिसला तरी ती टाकून नवी भरायची, आणि बर्फातून आणायची. हे मला दिलीप सरांनीच शिकवलं होतं.

“मी झाकण उघडलं तर वास आला, सर. नाकाला आला म्हणजे पाण्यातून गेला.”

“अगं, आलेला नमुना तपासायचा, एवढंच आपलं काम.”

“मग नमुना योग्य नव्हता असं रिपोर्टवर लिहा.”

“यार श्रावस्ती, हल्ली रोज एक नवी लॅब उघडतेय. अशी नाटकं केली तर लोक शेजारी जातील. चलो, ठेव ती इथं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यंत्र परदेशातून आणलेलं, त्याच्यासाठी एसीची खोली, दारात चपला काढायच्या. आणि आत घालायचं काय, तर बेन्झीन आधीच उडून गेलेलं पाणी! सरांनी स्वतः यंत्र चालवलं, स्वतः सही केली. ‘बेन्झीन आढळले नाही.’ त्यात खोटं एक अक्षर नव्हतं, याचाच तर संताप. नवख्यानं केलं असतं तर समजावलं असतं. जाणून केलेल्याला काय समजावणार, कपाळ?

रविवारी मी थर्मासमध्ये बर्फ आणि कुप्या घेतल्या आणि सरोजिनी नगरच्या माझ्या घरून बसनं द्वारका गाठली.

“अच्छा, तुम्ही लॅबमधल्या ना? या, या!” नीलाताई थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. गॅसवर कुकर होता. “रिपोर्ट चांगला आला हं. वास यायला लागल्यापासून प्यायला मागवत होतो तो टँकर कालपासून बंद केला आम्ही सगळ्यांनी.” बोलता बोलता त्यांनी नळाखाली पेला भरला आणि माझ्यापुढे केला. “उन्हातून आलात, आधी पाणी घ्या.”

माझ्या वडिलांची, दादारावांची, एक शिकवण आहे. कुणी घरात बोलावून पाणी दिलं तर नाही म्हणायचं नाही. वर्ध्याकडच्या त्यांच्या गावात त्यांच्या आईला विहिरीपासून लांब घागर ठेवून ताटकळावं लागे, कुणी वरून ओतेल म्हणून. आज जोगळेकरांच्या स्वयंपाकघरात मला आपणहून पेला मिळत होता, आणि मला तो पिता येत नव्हता. दिलीप सरांचा इतका राग मला लॅबमध्येही आला नव्हता.

मी पेला घेतला आणि सिंकमध्ये ओतला. नीलाताईंचा चेहरा उतरला.

“हे पिऊ नका, ताई. त्या रिपोर्टवर विसंबू नका.”

“पण शिक्का तर तुमच्याच लॅबचा आहे!”

“आमचाच आहे. बाटलीत वर हवा होती, त्यातून बेन्झीन उडून जातं. आम्हाला हे माहीत होतं.”

मी नळ बारीक सोडून कुपी काठोकाठ भरली, उलटी केली, टिचकी मारली. बुडबुडा नव्हता.

“म्हणजे मीच कमी भरली म्हणून?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ते आमचं काम होतं.”

“हे सगळ्यांसमोर सांगाल? नोकरी जाईल हो तुमची.”

“सांगेन.”

त्यांनी गॅस बंद केला, आणि हात न पुसताच त्या शेजारच्या दाराची बेल वाजवायला गेल्या.