ज्याच्या मनगटाला पट्टी

मुलांच्या वॉर्डात तिला सगळे खेळताई म्हणत. काम म्हटलं तर पोरखेळ, म्हटलं तर नाकी नऊ आणणारं. ज्या मुलाचं ऑपरेशन असेल, त्याला आधी कापडी बाहुलीवर सगळं करून दाखवायचं. बाहुलीचं नाव ठमाबाई. ठमाबाईचे टॉन्सिल्स दर आठवड्याला निघत आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा हजर होत. सुया टोचून टोचून तिच्या हातातला कापूस बाहेर डोकावू लागला होता, पण बाईंनी कधी हूं की चूं केलं नव्हतं.

खेळताईचा नियम एकच, पण काळ्या दगडावरची रेघ: मुलाशी खोटं बोलायचं नाही. 'बागेत जाऊ या' म्हणून लेकराला फसवून आणणारे आईबाप दिसले की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. "फसलेलं मूल डॉक्टरवर नाही रागावत, तुमच्यावर रागावतं," ती सुनवायची. आईबाप माना खाली घालत.

मग तिच्या स्वतःच्या चिऊचे टॉन्सिल्स काढायचं ठरलं.

चिऊ पाच वर्षांची. सांगायला आठवडा हातात होता. पण एक दिवस चिऊ दमलेली होती, एक दिवस इतकी आनंदात होती की त्यात मिठाचा खडा कोण टाकणार? ठमाबाई घरी आली, खेळ रंगला, मास्क, सुई, पट्टी, चिऊला सगळं तोंडपाठ झालं. फक्त 'हे तुझ्यासाठी आहे' एवढं एक वाक्य आईच्या घशात अडकून बसलं. टॉन्सिल्स चिऊचे, घसा धरला आईचा.

ऑपरेशनच्या सकाळी दाराला कुलूप लावताना नवऱ्याने हळूच विचारलं, "सांगितलंस?"

"वाटेत सांगते."

"लोका सांगे..."

"पुढचं बोललास तर बघ!"

वाटेत चिऊनेच विचारलं, "आई, आपण कुठे चाललोय?"

"माझ्या कामावर," आईच्या तोंडून निघून गेलं. "आज तू माझी मदतनीस."

बाग नाही म्हणाली, एवढाच काय तो फरक.

चिऊला आभाळ ठेंगणं झालं. आज दूध का नाही, हेही तिने विचारलं नाही. कामावर जाणाऱ्या माणसाला उपाशीपोटीच पळावं लागतं, हे ती रोज बघत होती.

वॉर्डात सिस्टरने चिऊच्या मनगटाला नावाची पट्टी बांधली. "ताई, हिला सांगितलंय ना सगळं?"

"हे तुम्ही मला विचारताय, सिस्टर?" खेळताई हसून म्हणाली. ते खोटं नव्हतं. उत्तरही नव्हतं.

शेजारच्या खाटेवर एक मुलगी भोकाड पसरून बसली होती. तिचे वडील घाम पुसत होते. मदतनीस ताबडतोब ठमाबाईला काखोटीला मारून तिथे पोचली.

"रडायला परवानगी आहे," चिऊ थेट आईच्या सुरात म्हणाली, "हात हलवायला नाही. आधी मास्क. वास घाणेरडा येतो. मग झोप. उठल्यावर घसा दुखतो, खोटं कशाला सांगू? मग आईस्क्रीम."

मुलगी गप्प झाली. खेळताईचा ऊर भरून आला.

"पण आज माझाच नंबर कशावरून?" मुलीने हुंदका गिळत विचारलं.

"सोप्पंय! ज्याच्या मनगटाला पट्टी, त्याचा नंबर. ही बघ तुझी. ही ठमाबाईची. आणि ही..."

चिऊ स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली.

"आई, ही खेळातली आहे ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं! खेळताई खाटेपाशी खाली बसली. "नाही राणी. खरी आहे. आज तुझे टॉन्सिल्स काढायचेत."

"मग कामावर जायचंय का म्हणालीस?"

"घाबरले होते गं."

"तू कशाला? सुई तुला थोडीच टोचणार आहेत?"

ह्या प्रश्नासाठी खेळताईकडे बाहुली नव्हती.

तेवढ्यात सिस्टर आली. "झोप लागेपर्यंत आत एकालाच येता येईल. कोण येणार, आई की बाबा?"

खेळताई उठून उभी राहिली. चिऊने तिच्याकडे पाहिलं, मग ठमाबाईकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"बाबा," चिऊ म्हणाली.

बाबांनी तिला कडेवर घेतलं. दारापाशी तिने त्यांना थांबवलं आणि ठमाबाईला आईच्या हातात कोंबलं. "घाबरलेल्या माणसाला काहीतरी धरायला द्यायचं असतं. तूच म्हणतेस." मग जरा विचार करून, "उठल्यावर मात्र तू पाहिजेस. दुखतंय का नाही ते मी तुला खरं सांगीन."

दार मिटलं. खेळताई बाकावर बसली. ज्या बाकावर तिने कितीतरी आईबापांना बसवलं होतं, तो इतका टणक आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या मुलीचे वडील येऊन टेकले. तिच्या हातातली बाहुली बघून त्यांनी सहानुभूतीने विचारलं, "पहिल्यांदाच आलात का इथे?"

"हो," ती म्हणाली.

मग डोळ्यांना धार लागली. हात मात्र तिने हलवला नाही. ठमाबाई त्यात होती.