त्रिनिदादहून आलेली सवत

मी एक जुनी गोधडी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव जळका आहे.

नाचणगावच्या देवकाबाईंनी मला एक्याण्णव साली शिवलं. वर त्यांची दोन लुगडी, आत त्यांच्या नवऱ्याचं, महादेवरावांचं धोतर. ते आदल्याच वर्षी गेले होते. टाके कडेकडून मध्याकडे जाणारे, चौकोनात चौकोन. शेवटचा टाका घालण्याआधी बाईंनी माझ्या पोटात भाकरीचा तुकडा ठेवला. गोधडीला उपाशी ठेवू नये, अशी त्यांच्या घरची रीत. तेरा हिवाळे मी त्यांच्या अंगावर होते. मधे घरात नवं ब्लँकेट आलं, पण त्याच्या वाट्याला फक्त पाहुणेच आले. मला त्याची फार मजा वाटायची.

मग दोन हजार चार साली रीता आली. ती समुद्रापलीकडच्या त्रिनिदाद बेटावरची, कापडाची चित्रं शिवणारी कलाकार. तिच्या पूर्वजांना फार वर्षांपूर्वी तिकडे उसाच्या मळ्यांवर मजुरीला नेलं होतं. त्यांतली एक बाई वर्ध्याकडची होती, एवढंच तिला ठाऊक. सेवाग्रामला मुक्काम ठेवून ती गावोगाव जुन्या गोधड्या पाहत फिरत होती. मला कुंपणावर वाळताना पाहून ती थांबली. माझी मान ताठ झाली. पण तिने पिशवीतून हातभर चिंधी काढली. साखरेच्या पोत्यांची, पार विरलेली. ती त्या बाईच्या गोधडीतली उरलेली होती.

तिचे टाके अगदी माझ्यासारखे. देवकाबाई त्यांवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या. पुढचे आठ दिवस चिंधी त्यांच्या मांडीवर आणि मी दोरीवर. तिला ना रंग ना रूप, तरी माशी बसू नये म्हणून बाई तिच्यावर पदर धरायच्या. माझा जळफळाट झाला.

चिंधी टिकावी म्हणून रीताने ती कोऱ्या कापडावर शिवायला घेतली. दुसऱ्याच ओळीला ती टर्रकन फाटली. रीता रडू लागली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

"नवं कापड जुन्याले ओढते," देवकाबाई म्हणाल्या. "जुन्याले जुनंच लागते." सून रक्षाने ते रीताला इंग्रजीत सांगितलं. तोवर बाईंनी मला दोरीवरून काढलं होतं.

रक्षा दचकली. "आई, तिच्यात बाबांचं धोतर हाय."

"म्हणूनच देऊन राह्यली. ते नरम झालं हाय. चिंधीले ते सांभायून घेईन."

बाईंनी स्वतःच्या हाताने तिला माझ्या उलट्या बाजूवर शिवलं. दर टाक्याला त्या थांबत होत्या. जिचा इतका राग केला, तिला पोटाशी धरून मी समुद्र ओलांडला.

आता मी तिकडच्या एका दालनात टांगलेली आहे. लोक तिच्यासमोर डोळे पुसतात. माझं तोंड भिंतीकडे. एखादा टाका सोडून द्यावा असं कितीदा मनात येतं, पण तो टाका देवकाबाईंचा आहे.

मित्रांनो, घरातलं जुनं कापड टाकू नका. त्याला अधूनमधून ऊन दाखवा, आणि त्यात कुणाकुणाचं काय शिवलं आहे ते मोठ्यांना विचारा.

परवा रक्षाचं पत्र आलं, ते रीताने मोठ्याने वाचलं. बाईंनी स्वतःसाठी दुसरी गोधडी शिवायला घेतली आहे. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून काम सावकाश चाललं आहे. त्या नवीचाही मला फार राग येतो. पण थंडी पडायच्या आत ती पुरी व्हावी.