दीड फुटावरची खिडकी

मिस्त्रीकाका म्हणाले, खिडकी कोणी दीड फुटावर ठेवतं का, मॅडमचा हात चुकला असेल, म्हणून मीच नीट करून साडेतीनवर घेतली. वर तोंड असं, की आम्ही आभार मानायला हवेत.

माझं डोकंच फिरलं. "आकडा लिहिलाय ना नकाशात? मी शाळा सोडलीय, तरी मला वाचता येतो."

आत्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं.

आत्या बागखात्यात नकाशे काढते. एकतीस वर्षं तेच. संडास, पंपघरं, तिकिटाच्या खिडक्या. तळ्याकाठची ही खोली मात्र तिनं हट्टानं मागून घेतलेली. आठ बाय आठ, आत एक बुटका ओटा. बसायचं आणि पाणी बघायचं, बस्स. कागद हातात घ्यायच्या आधी आठ दिवस ती मला घेऊन काठावर जागा बदलून बदलून बसली, चक्क जमिनीवर. माझ्या पायाला मुंग्या. आठव्या दिवशी एक पाणकोंबडी पिल्लं घेऊन लव्हाळ्यातून बाहेर आली, हाताच्या अंतरावर. मी उठून उभी राहिले तर गायब. त्या दिवशी आत्यानं दीडचा आकडा लिहिला.

खात्याचे साहेब उद्या बघायला येणार होते. त्यांना ही खोली मुळातच पटलेली नव्हती. जमलं नाही तर माळ्याची अवजारं ठेवू, असं ते बोलूनही गेले होते. आणि आत्या महिनाअखेर निवृत्त. म्हणजे मागे राहणार काय, तर संडास.

मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात ती मिस्त्रीकाकांना म्हणाली, "जरा टेका. सकाळपासून उभेच आहात."

ते ओट्यावर बसले. समोर विटा, वर आभाळाचा तुकडा. त्यांनी मान उंचावली. अर्धवट उठले तर पाणी दिसलं, बसले की गेलं. दोनतीनदा असं झालं.

"कोंडल्यासारखं होतंय, मॅडम."

"हं," आत्या म्हणाली.

मग त्यांनी छिन्नी मागितली. खिडकीखालच्या दोन फूट विटा संध्याकाळपर्यंत उतरवल्या. मी घमेली उचलत होते, बडबडत होते. "जिभेपेक्षा हात चालव, पोरी," ते म्हणाले, पण हसून.

दुसऱ्या दिवशी साहेब दारातच थांबले. घड्याळ बघून विचारलं, इथे माणसानं करायचं काय?

"बसायचं," आत्या म्हणाली.

ते ओट्याच्या टोकावर टेकले, फाईल मांडीवर. तळ्यात काही म्हणजे काही घडत नव्हतं. वाऱ्यानं पाणी जरा सुरकुतलं, एवढंच. आत्या पर्सचा पट्टा पिळत उभी. साहेबांची नजर पाण्यावरच. मी काहीतरी बोलून टाकणार होते, तर मिस्त्रीकाकांनी कोपरानं ढोसलं.

साहेबांनी फाईल बाजूला ठेवली. मग खाली वाकून ते बुटाची नाडी सोडायला लागले.