बागेतली घाणेरी

पुण्यात बांधावरची घाणेरी हौसेनं लावत्यात आन् वर तिला नळीनं पाणी घालत्यात, हे आमच्या शिनोलीत सांगितलं असतं तर लोकांनी मला येड्यात काढलं असतं. तसंबी माझं कोण खरं मानतंय! घोडेगावला वडापची जीप चालवतो, दिवसभर पाशिंजरांच्या टोप्या उडवतो. पण त्या रविवारी मला हसू आलं न्हाई. आजबी तो वाचमन आठवला की कानशिलं तापत्यात.

माझी चुलती फुलाबाई. तिची नात प्रज्ञा पुण्यात नर्सिंगला व्हती. होस्टेलात पावण्यांना आत घेत न्हाईत, म्हणून पोरीनं फोन करून सांगितलं, "आजी, रविवारी समोरच्या बागेत ये. मी धाला येते. माझ्या मैतरणींना तुला बघायचंय."

म्हातारीनं आठवडाभर डोकं खाल्लं. ठेवणीतलं लुगडं काढलं, बाजरीच्या भाकरी, ठेचा, सुकट बांधली. पहिल्या एसटीनं निघालो ते लई लवकर पोचलो. बाग लई भारी. गुळगुळीत हिरवळ, झाड कापून केलेला हत्ती, जागोजागी पाट्या. मधी हास्य क्लबाची मंडळी गोल करून हात वर करीत, "हा हा हा हा!" चुलती म्हणाली, "ह्यास्नी काय झालंय रं?"

"काय न्हाई काकी. घरी हसू देत न्हाईत, म्हणून हितं येत्यात."

तिला बाकड्यावर बसवलं आन् मी चहा बघायला गेलो. माघारी येतो तर बाकडं रिकामं. म्हातारी फुलांच्या वाफ्यात उकिडवी बसल्याली, लुगड्याचा काष्टा खोचल्याला, आन् शेजारी उपटल्याल्या झुडपांचा हा ढीग. मुळासकट, माती झटकून, एका अंगाला बुडखं करून रचल्याला.

"नाना, बघ की," ती म्हणाली, "केवढी घाणेरी माजलीय! माळ्याचं ध्यानच न्हाई."

आता तिला काय म्हणायचं? आमच्याकडं कुणाच्या रानात बोलत उभं राहिलं तरी हात रिकामा ठेवत न्हाईत. बांधाला घाणेरी दिसली की उपटायची, मग बांध कुणाचाबी असू दे. जनावरानं खाल्ली तर आजारी पडतं. पावण्याच्या रानातली काढली तर पावणा चहा पाजतो.

हितं शिट्टी वाजली.

वाचमन काठी आपटत आला. "ए म्हातारे! चोरी करतीस व्हय?"

"चोरी?" चुलती हातातलं झुडूप दाखवत म्हणाली, "आरं बाबा, घाणेरी कोण चोरंल?"

"नर्सरीतून आणलीय ती! साहेबांनी स्वतः पसंत केलीय!"

मी मधी पडलो. "भाऊ, साहेबाला म्हणावं आमच्याकडं ये. टेंपोभर देतो, वर वाटखर्च देतो."

त्याला ते झोंबलं. तेवढ्यात फिरायला आलेली एक बाई थांबली. पायात पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली. म्हणाली, "हल्ली कोणीही शिरतं बागेत. यांचं आडनाव विचारून घ्या हो आधी."

झाडं उपटली चुलतीच्या हातांनी, आन् हिला आडनाव कशाला पायजे? आमच्या आज्यानं छप्पन साली धम्म घेतला. हा प्रश्न आमाला लांबून वासानं कळतो. मी तोंड उघडलं, तर वाचमननं चुलतीचं मनगट धरलं आन् तिला वढत नेलं. माझ्या चुलतीला! अवजारं ठेवायच्या खोलीत ढकललं आन् बाहेरनं कडी लावली.

"साहेब अकराला येत्यात. तवर बसू दे आत. तू लई बोललास तर तुलाबी कोंडतो." आन् दारासमोर खुर्ची टाकून बसला.

मी हात जोडले. इनोद केला. भांडलो. काय उपेग न्हाई. मागच्या अंगाला खिडकी व्हती, तितं गेलो. जाळीतून चुलतीचा आवाज आला, लई बारीक. "नाना, पोरीला कळू देऊ नको. मैतरणींना घिऊन येतीय ती. त्यांच्याम्होरं चोर म्हणून कोंडल्याली आजी नको दिसाया. काय बी कर."

आन् तिकडं हिरवळीवर, "हा हा हा हा!"

माझ्या टाळक्यात असा जाळ झाला म्हणता! वाटलं, काठी हिसकावून घ्यावी. पण काठीनं चुलती सुटली नसती, मीच आत गेलो असतो. धा वाजत आले व्हते.

मग मला वाफा दिसला. नुकतं पाणी दिल्यालं, मऊ लोण्यावानी माती.

आदल्या साली आमच्या अंगाला बिबट्यानं लई कहर केला व्हता. माझी बहीण जुन्नरकडं डिंगोऱ्यात दिली, तितं जंगलखात्याची मान्सं येऊन ठसा कसा वळखायचा ते दाखवून गेलती. कुत्र्याची नखं उठत्यात, बिबट्याची उठत न्हाईत. मी खाली बसलो. तळहाताची टाच दाबली, तिच्याम्होरं चार बोटांची पेरं. मग थोडं अंतर सोडून दुसरा. असे करत करत दाट कुंपणापतोर नेले.

आता वरडायचं न्हाई. वरडणाऱ्यावर कुणी इस्वास ठेवत न्हाई. मी ठशापाशी कपाळाला हात लावून नुसता बसून राहिलो.

हाफ पँटीतले एक आजोबा आले. "काय हो, काय हरवलं का?"

"न्हाई, काय न्हाई. तुमी चला."

"अहो, पण बघताय काय?"

"तुमी हितं कुत्रं आणता का? मोठं?"

"छे! बागेत कुत्र्याला बंदी आहे."

"मग ऱ्हाऊ द्या. घाबरू नका. फकस्त त्या कुंपणाकडं पाठ करू नका."

आजोबा खाली वाकले. "तुम्ही कुठले?"

"जुन्नर-आंबेगावकडला."

एवढंच बोललो. पेपरात सगळ्यांनी वाचल्यालं. आजोबांचा चेहरा उतरला. "म्हणजे... बिबट्या?"

"मादी दिसती. पिल्लं असणार संगं. हळू चला, पळू नका."

पळू नका म्हटल्यावर कोण थांबतंय? हास्य क्लबाचं हसू मधीच तुटलं. समदा गोल फाटकाकडं सुटला. पांढऱ्या बुटाची बाई सगळ्यांच्या म्होरं, बाटली कुठं, बाई कुठं. वाचमननं ठसे बघितले, कुंपण बघितलं, आन् काठी टाकून गेला. बाहेरनं फाटक वढून धरून उभा.

मी कडी काढली. चुलती बाहेर आली, इकडंतिकडं बघितलं. "कुठं गेली रं मान्सं?"

"बिबट्या आलाय, काकी."

तिनं माझे हात बघितले. "बिबट्याच्या हाताला चिखल लागलाय. धू जा."

आमी हिरवळीच्या मधोमध बसलो. मोकळी बाग, आमी दोघं आन् तो हत्ती. फाटकाशी प्रज्ञा आली, संगं दोघीजणी. वाचमन अडवत व्हता, "ताई, आत बिबट्या हाय!"

पोरगी शिनोलीची. तिनं गजांतून बघितलं, आजी सुकट सोडतीय आन् नानाकाका हात हलवतोय. म्हणाली, "आमच्या काकाचाच असंल," आन् त्याच्या हाताखालून आत. मैतरणी, श्रेया आन् प्रतीक्षा, एकमेकीला धरून मागं.

म्हातारीनं प्रज्ञाचं तोंड कुरवाळलं, पोरींच्या हातावर भाकरी ठेवली. ठेच्यानं श्रेयाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी "अजून द्या आजी" म्हणाली. वाटलं, जिंकलो राव. काय बी कळलं न्हाई पोरीला.

मग श्रेया वाफ्याकडं बघून म्हणाली, "आजी, ती फुलं किती गोड आहेत ना?"

"ती?" चुलतीला हसू आवरंना. "अगं बाई, घाणेरी ती!" आन् मी डोळं मिचकावतोय, खोकतोय, तरी सांगतच सुटली. कशी उपटली, कसा ढीग केला, वाचमन कसा आला. "मग मला चोर म्हनला आन् कोंडली की त्या खोलीत!"

हसत सांगितलं तिनं. पण प्रज्ञाचा घास थांबला.

"कोंडलं?"

"जाऊ दे गं. झालं ते झालं. खा."

प्रज्ञानं भाकरी खाली ठेवली. वाफ्यात गेली, उरलेल्यातलं एक झुडूप दोन्ही हातांनी मुळासकट उपटलं आन् फाटकाशी जाऊन वाचमनच्या तोंडाम्होरं धरलं.

"हे मी काढलं. चल, मला कोंड."

"ताई, तुमी आधी बाहेर या. बिबट्या..."

"आत ये आन् कोंड. कडी लाव. आजीला धरून न्हेलंस ना? मला धर."

बाहेर ती हसरी मंडळी गजांतून बघतीय. वाचमन कधी कुंपणाकडं बघतो, कधी पोरीकडं. मग गजांतूनच हात जोडून बोलला, "चुकलं, आजी."

"हितनं न्हाई," प्रज्ञा म्हणाली. "आत येऊन म्हण. तिच्याम्होरं."

त्याचा पाय उचलंना. ठसे खोटे हायेत, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर तो आला असता. चुलतीनं आन् पोरींनी माझ्याकडं बघितलं. मी भाकरी मोडली, ठेचा लावला आन् तोंडात घातली. न्हाई बोललो. मनात म्हटलं, उभा ऱ्हा उन्हात, साहेब येईपतोर.

चुलतीनं हाळी दिली, "पोरी, हात धुऊन ये. घाणेरीनं खाज सुटती."