वखारीच्या सिनेमातली तिसरी होडी

चित्रपट-संग्रहालयाच्या तळघरात जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणायचे. वय छपन्न, केस पिकलेले, पण नजर शाबूत आणि बोटं अशी हलकी, की तिनं घातलेला सांधा नंतर तिलाही शोधून सापडू नये. पस्तीस वर्षं ती त्या थंडगार खोलीत बसून फिल्मची फाटलेली कडेची भोकं चिकटवत होती, ओरखडे पुसत होती आणि बुरशी टिपत होती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तिला वर जेवायला गेल्यावरच कळायचं.

त्या वर्षी एका जुन्या संकलकाच्या घरून पत्र्याचे नऊ डबे आले. संकलक वारला होता आणि मुलांना माळा रिकामा करायचा होता. डब्यांवरचं नाव वाचून ताईचा हात जागच्या जागी थांबला. तो वखारीचा सिनेमा होता.

एके काळी अशा सिनेमांची लाटच आली होती. नदीकाठी लाकडी कोटाची वखार, वर कंपनीचं निशाण, आत कातड्यांचे गठ्ठे, बंदुका, आरसे, मण्यांच्या माळा. दर्यापारचा देखणा व्यापारी घोड्यावरून यायचा, शूर असायचा, न्यायी असायचा, शेवटी जिंकायचा. तिथली मूळची माणसं मागे उभी राहायची, ओझी उचलायची, गोळ्या खाऊन पडायची. पडद्यावर नावांची यादी यायची तेव्हा त्यांच्यातलं कुणी त्यात नसायचं. पण लोकांनी ते सिनेमे डोक्यावर घेतले होते आणि या एकाला तर आजही जाणकार मंडळी अजोड म्हणत.

ताईला त्याचं वेगळंच अप्रूप होतं. तिचा बाप नदीवर नावाडी होता आणि या सिनेमासाठी त्याला होडी वल्हवायला घेतलं होतं. ती दोन वर्षांची असताना तो गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. सिनेमाच्या सुट्टीच्या दिवशी तो दारू पिऊन नदीत पोहायला उतरला आणि वाहून गेला, एवढंच तिला माहीत होतं. तेही आईनं नाही, शेजारणीनं सांगितलेलं. आईजवळ विषय काढला की एकच वाक्य यायचं, "त्या दारुड्याचं नाव घेऊ नकोस." चोविसाव्या वर्षी विधवा झालेल्या त्या बाईनं लाँड्रीत इस्त्र्या करून मुलीला वाढवलं, पण तिच्यासमोर नवऱ्याचं नाव तोंडातून कधी काढलं नाही. सिनेमाला ती कधी गेली नाही. मुलगी संग्रहालयात नोकरीला लागली तेव्हा आठ दिवस तिच्याशी बोललीसुद्धा नाही.

आणि ताई तर तिथे चिकटली होती ती याच आशेवर, की कधीतरी हा सिनेमा हाती येईल आणि बापाचं तोंड दिसेल.

पण आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की दिसलं तरी ओळखणार कसं? पडद्यावर वीस-पंचवीस नावाडी होते. ती एकेक चेहरा भिंगातून बघायची आणि स्वतःच्या नाकाशी, हनुवटीशी ताडून पाहायची. काही कळेना.

काम मात्र तिनं जिवाचं रान करून केलं. सहाव्या रिळातला होड्यांचा पाठलाग सगळ्यात खराब झाला होता. सिनेमाचा सगळ्यात गाजलेला प्रसंग तो. फेसाळत्या पाण्यातून तीन होड्या सुसाट येतात. पहिली निसटते, दुसरी निसटते, तिसरी खडकावर आदळून उलटते, आणि पलीकडच्या काठावर नायक टोपी काढून उभा राहतो. त्या दीड मिनिटावर ताईनं अकरा दिवस घातले. काम झाल्यावर वरच्या मजल्यावरच्या मंडळींना बोलावून तिनं ते दाखवलं. "पाण्याचा थेंब न् थेंब सुटा दिसतोय की नाही?" ती म्हणाली. सगळ्यांनी वाहवा केली. त्या दिवशी ती खुशीत घरी गेली.

आईच्या मागे ती महिनाभर लागली होती. "नुसतं बघायला ये. कोण ते बोट दाखव आणि जा." आई मान फिरवायची. मग एका सकाळी आपणहून लुगडं बदलून दारात उभी राहिली. "चल. किती दिवस भुणभुण लावली आहेस. एकदाची तुझी हौस फिटू दे."

तळघरातल्या टेबलावर वहीएवढा पडदा होता. ताईनं आईला खुर्ची दिली, थंडी वाजू नये म्हणून स्वतःची शाल तिच्या खांद्यावर घातली आणि पहिलं रीळ लावलं. वखारीच्या फाटकातून नावाडी गठ्ठे वाहून आणत होते. आई तोंड वाकडं करून बसली होती. अचानक ती पुढे झुकली.

"थांबव."

ताईनं थांबवलं. "हा?"

"हे," आई म्हणाली. तिनं काचेला बोट लावलं नाही, थोडं अलीकडेच धरलं. "सगळ्यांनी ओझं उजव्या खांद्यावर घेतलंय, यांनी डाव्या. घरी पाणी आणायचे तेही असंच. आणि हसताना खाली बघायचे, बघ."

त्या माणसाचे कान किंचित बाहेर आलेले होते. ताईचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला. सव्वीस वर्षांचा पोरगाच की. तिच्या हाताखालचा मदतनीस याच्यापेक्षा मोठा होता. आणखी एक गोष्ट तिला जाणवली, पण तिनं बोलून दाखवली नाही: आजवर 'तो' असलेला माणूस आईच्या तोंडी 'हे' झाला होता.

"अजून कुठे आहेत?" आईनं विचारलं. आवाज मऊ झाला होता.

"शेवटी होड्या आहेत. त्यात असले तर बघू." ताईनं उत्साहानं सहावं रीळ लावलं. "हा सीन फार प्रसिद्ध आहे, आई. यावर मी अकरा दिवस बसले होते."

पहिली होडी गेली. दुसरी गेली. "तिसरीत," आई म्हणाली. "मागे, सुकाणूवर." आणि मग होडी खडकावर आदळली, वर उचलली गेली आणि पालथी झाली. नायकानं टोपी काढली.

आई काचेच्या आणखी जवळ सरकली. म्हणाली, "परत दाखव."

ताईनं परत दाखवलं. मग आणखी एकदा.

"हे खोटं असतं ना ग? सिनेमातलं पडणं?"

"असतं की. खाली दोर बांधतात, माणसं ठेवतात..." ताईचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

आई पडद्याकडे बघतच बोलू लागली. "मंगळवारी सकाळी कामावर गेले. बुधवारी त्यांचा माणूस आला. म्हणाला, काल सुट्टी होती, दारू प्यायला, कपडे काढून पाण्यात उतरला, वाहून गेला. कपडे आणून दिले. कोरडे ठणठणीत. मीच इस्त्री केलेले, घडीसुद्धा मोडली नव्हती. मला वाटलं, एवढी शुद्ध होती कपडे नीट ठेवायची, आणि घरी बायको-पोर आहे याची शुद्ध नव्हती? ते कपडे मी चुलीत घातले." ती ताईकडे वळली. "अगं, अंगावर सिनेमाचे कपडे होते म्हणून घरचे कोरडे होते."

त्या दुपारी आईला घरी पोचवून ताई परत आली आणि तिनं नववा डबा उघडला. सिनेमात न वापरलेल्या तुकड्यांचा तो डबा होता; ते बघायचं काम तिनं मागे टाकलं होतं. तिसऱ्याच गुंडाळीवर पिवळ्या पडलेल्या कागदावर संकलकाचं अक्षर होतं: 'तिसरी होडी, पुढचा भाग. वापरू नये.' खाली तारीख होती. ताईनं त्या वर्षाचं कॅलेंडर काढून पाहिलं. मंगळवार.

कॅमेरा चालूच राहिला होता. उलटलेल्या होडीतल्या चौघांपैकी एकाचं डोकं वर आलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. दोन माणसं काठावरून दोर फेकत होती. कर्णा घेतलेला माणूस धावत खडकावर चढला. तिघे काठाला लागले, आणि त्यातला एक पाण्याकडे हात करून ओरडत होता, आवाज नव्हता. मग भिंगावर कुणाचा तरी तळवा आला आणि सगळं काळं झालं.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही अर्धा तुकडा सिनेमात गेला होता आणि अर्धा डब्यात. आणि त्या अर्ध्या तुकड्याला तिनं स्वतःच्या हातानं न्हाऊमाखू घालून लोकांपुढे मिरवलं होतं. ताई हातमोजे न काढताच रडली.

संग्रहालयाचे प्रमुख भला माणूस. त्यांनी दोन्ही तुकडे पाहिले, चष्मा काढला, बराच वेळ पुसत राहिले.

"ताई, हा सीन काढता येणार नाही. सिनेमा आहे तसा ठेवणं हेच आपलं काम."

"काढा कुठे म्हणतेय, सर? त्यांचं नाव लिहा. ते कसे गेले ते लिहा. आणि प्यायले नव्हते, हेही लिहा."

"दारूचा पुरावा आपल्याकडे नाही, ना असल्याचा, ना नसल्याचा," ते हळूच म्हणाले. "कामावर असताना गेले, एवढं लिहितो. सुरुवातीलाच पाटी लावू." मग थांबून म्हणाले, "ती कंपनी केव्हाच बुडाली. दिग्दर्शक गेला, नायक गेला. जाब विचारायला कुणी उरलेलं नाही."

पाटीसाठी पूर्ण नाव हवं होतं. आईनं ते सांगितलं. चोपन्न वर्षांत पहिल्यांदाच उच्चारत होती, म्हणून जीभ अडखळली. मग म्हणाली, "लिहिलेलं दाखव. ऱ्हस्व-दीर्घ नीट घाल हो, त्यांना चूक खपायची नाही."

दुरुस्त केलेल्या सिनेमाचा पहिला खेळ दुपारी तीनला होता. हॉल भरला. पाटी पडद्यावर नऊ सेकंद राहिली. त्या नऊ सेकंदांत निम्मे लोक आपापल्या खुर्च्या शोधत होते, कुणी फोन बंद करत होतं, कुणी ओळखीच्याला हात करत होतं. ताईनं ते सगळं पाहिलं.

म्हणून व्हायचं तेच झालं. तिसरी होडी उलटली आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आईनं डोळे मिटले नाहीत. मागच्या रांगेतले एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, "वा! काय जिवंत केलंय!"

आई वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. "ते माझे यजमान. त्यातच गेले."

आजोबांचे हात टाळीसाठी उचललेले तसेच राहिले. सिनेमा संपून दिवे लागले तरी ते जागेवरच होते. मग पुढे येऊन उभे राहिले. "बाई, मी हा सिनेमा सोळा वेळा पाहिलाय. लहानपणी आम्ही नदीवर हाच सीन खेळायचो. तिसऱ्या होडीत बसायला आमच्यात भांडणं व्हायची." ते गुन्हा कबूल केल्यासारखे बोलत होते.

"तुमचा काय दोष," आई म्हणाली. "तुम्ही निदान त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्यात. मी शिव्याच घातल्या."

त्यानंतर आई दीड वर्ष जगली. तो सिनेमा तिनं पुन्हा पाहिला नाही. पण बोलू लागली. भाजी निवडताना, केस विंचरताना, मधेच सुरू व्हायची. ते शीळ फार छान घालायचे. त्यांना कारल्याची भाजी आवडायची, जगात कुणाला आवडत नसेल. तुला आपल्या पायांवर उभं करून अख्ख्या खोलीभर चालायचे. ताई ऐकत राहायची. छपन्नाव्या वर्षी तिला बाप मिळत होता, तोही असा चिमटी-चिमटीनं. प्रत्येक आठवणीच्या शेवटी आई पुटपुटायची, "आणि मी त्यांना दारुडा म्हटलं."

"तुला काय माहीत होतं, आई? तुला फसवलं."

"परक्या माणसानं येऊन सांगितलं आणि मी ऐकलं. तीन वर्षं संसार केला होता, त्यांनी कधी थेंबाला शिवलेलं पाहिलं नव्हतं. एकदा तरी म्हणायचं होतं मी, की खोटं बोलतोयस."

ताईनं तिच्या हातातली फणी घेतली आणि तिचे केस विंचरू लागली.

शेवटच्या आजारपणात एका सकाळी आईनं तिला जवळ बसवलं. "त्या मंगळवारी आमचं भांडण झालं होतं. काय ते आठवतही नाही आता, मिठावरून की कशावरून. ते दारापर्यंत गेले, परत आले. माझ्या मागे उभे राहिले. मी इस्त्री करत होते. मला कळत होतं, उभे आहेत म्हणून. पण मान वळवली नाही."

"मग?"

"मग काय. 'जातो ग' म्हणाले आणि गेले."