वडावर हरियल आहेत

माकुणसारच्या वाडीत कमलाकांतच्या वडावर हरियल, म्हणजे हिरवी कबुतरं, बसतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दिसले मात्र फार थोड्यांना. रंगच मोठा लबाड, पिकत्या पानाचा. पाय तेवढे हळदीत बुडवल्यासारखे पिवळे. माणूस जवळ आला की अख्खा थवा दगड होऊन बसतो. पान हलेल, पण पाखरू हलणार नाही. चाळीस वर्षं कमलाकांतने त्या वडाखाली कुणाला मोठ्याने खोकू दिलं नव्हतं, मग दगड मारणं तर दूरच.

आता नवा रस्ता नेमका वडावरूनच जाणार होता. झाडं बघायला आलेले प्रफुल्ल साहेब तसे वाईट नव्हते. "घरटी असतील तर पावसाळा सरेपर्यंत झाड तोडणार नाही," ते म्हणाले, "पण मला दिसायला हवीत." मान वर करून ते पाच मिनिटं बघत राहिले, घाम पुसला आणि घरटी नाहीत असं लिहायला लागले.

"साहेब, हायेत ते. दहा-बारा हायेत."

"कुठे?"

कमलाकांत बोट दाखवून दमला. साहेबांना पानंच दिसत होती. पाखरांची हुशारी त्यांच्याच मुळावर उठली होती. शेवटी त्याचा धीर सुटला. चिकूवरची वटवाघळं हाकलायचा पत्र्याचा डबा त्याने उचलला.

"अवो, नको!" बायको जमना ओट्यावरून ओरडली. "अंड्यांवर बसलीत ती!"

त्याने डबा बडवला. सगळा थवा फडफडत निघाला, खांद्यांवरचा जांभळा रंग उन्हात चमकला आणि ताडांपलीकडे नाहीसा झाला.

"बघितलात ना?" कमलाकांतला हसू आवरत नव्हतं.

"बघितले," साहेब म्हणाले. "उडाले. म्हणजे झाड मोकळं."

"आणि घरटी? ती बघा, वर!"

"त्या चार काड्या? त्याला घरटं म्हणतात होय?"

हरियलाचं घरटं तेवढंच असतं, हे सांगेपर्यंत साहेबांनी झाड तोडायच्या कागदावर सही ठोकली होती.

गाडी वळली नाही तोच कावळे उतरले. खाली माणसं, त्यामुळे हरियल परतत नव्हते. जमनाने कावळ्यांसाठी दगड उचलला.

"वडावर दगड नको," कमलाकांत सवयीने बोलून गेला.

"मंग डबा कशाला बडवलात?"

डबा अजून त्याच्या हातातच होता. वरून एक पांढरं अंडं सुटलं आणि त्याच्या पायाशी फुटलं.